बहुमताचा हात कुठवर?

इसवी सन पूर्व 406. अर्गिनुसाई बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाचा धुव्वा उडवला. पण वादळ सुटलं आणि फुटक्या जहाजांवरची माणसं वाचवता आली नाहीत. परतलेल्या सहा सेनापतींच्या वाट्याला हारतुरे नाहीत, खटला आला.

अथेन्सच्या जनसभेत कॅलिक्सेनस नावाच्या एकाचा ठराव असा: वेगवेगळी सुनावणी नको, सगळ्यांचा निकाल एकदाच लावा. प्रत्येक जमातीपुढे दोन रांजण ठेवा, एक दोषीचा, एक निर्दोषाचा. हे बेकायदा आहे म्हणणाऱ्यांना ‘तुम्हालाही त्यांच्याच पंगतीत बसवू’ अशी धमकी मिळाली. जनतेच्या मनात आहे ते करू द्यायचं नाही म्हणजे काय, असा गलका उठला. सभा चालवणारी समिती नमली. अडून राहिला एकटा सॉक्रेटिस. तरी युरिप्टोलेमस नावाच्या एकाने स्वतंत्र सुनावणीची सूचना मांडली आणि आधी हात वर झाले ते तिच्याच बाजूने! मग कुणीतरी हरकत घेतली, पुन्हा हात वर झाले, पारडं फिरलं. सहाही जणांना देहदंड झाला. पुढे अथेन्सला पश्चात्ताप झाला. कॅलिक्सेनस लोकांच्या तिरस्कारात उपाशी मेला. गेलेले काही परत आले नाहीत.

म्हणजे अथेन्सकडे कायदा नव्हता असं नाही. तो गर्दीच्या हाताला लागेल अशा जागी होता, इतकंच. गणराज्य इथे वेगळं पडतं: काही गोष्टी ते मताला टाकतच नाही. आपल्याकडे ही रेघ ठळक झाली 24 एप्रिल 1973 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या केशवानंद भारती खटल्याच्या निकालात. संसदेला दोन तृतीयांश मतांनी घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. गंमत अशी की 13 न्यायमूर्तींनी हा निकाल दिला तो 7 विरुद्ध 6 असा. बहुमताला लगाम घालायलाही एका मताचं बहुमतच लागलं! तेव्हा घटना आहे म्हणून निर्धास्त झोपावं, अशी सोय नाही.

आणि हे संसदेपुरतं आहे थोडंच? अमक्या जातीच्या, तमक्या धर्माच्या माणसाला फ्लॅट द्यायचा नाही, असा विषय उद्या तुमच्या सोसायटीच्या सभेत निघाला, तर किती हात वर झाले ते नंतर मोजा. आधी विचारा, हे ठरवायचा अधिकार या सभेला दिला कुणी? तरीही ठराव रेटलाच, तर आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या.