हप्ते कोणी भरायचे?

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये, जिथे शिकवणी वर्गांच्या पाट्या एकमेकींना खेटून लागल्या आहेत, तिथे सायंकाळी पाठीवर दप्तराचे ओझे आणि डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे घेऊन चाललेली मुले पाहिली, की प्रवेशपरीक्षेतील एका क्रमांकासाठी आपण त्यांच्याकडून झोप, खेळ आणि आईशी चार शब्द बोलण्याची फुरसतही वसूल करीत आहोत, या विचाराने मन व्यथित होते.

येथून पश्चिमेस जवळच राजनांदगाव. त्या संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांच्या हाती एका सहप्रवाशाने नवा करार ठेवला; त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे अंतःकरण हेलावले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा विरह आणि स्वकीयांचा रोष ही त्याची जबर किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली. या मुलांना मात्र सौद्याची अट न वाचताच हप्ते भरावे लागतात. ख्रिस्ताच्या दृष्टांतातील द्राक्षमळ्याच्या धन्याने दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पुरी मजुरी दिली, कारण त्याच्या दरबारी माणसाचे मोल क्रमांकावर ठरत नव्हते. त्याच धन्यावर भिस्त ठेवून टिळकांनी १९१७ साली ख्रिस्ती मिशनमधील आपल्या पगारावर पाणी सोडले.