दोन पोचे

शिरोळात दोन भाऊ राहत होते. थोरला शाळामास्तर होता, धाकटा शेती बघायचा. वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरामागचं परडं एकच होतं. तिथं एका कडेला धाकट्याचा ट्रॅक्टर उभा असायचा, दुसऱ्या कडेला थोरल्याची गाडी. गाडी जुनीच घेतलेली, गडद निळी. थोरला ती रोज सकाळी पुसायचा.

दत्त कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तिथले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांचे होतात. माणसं रात्र रात्र काट्याच्या रांगेत काढतात. असाच एकदा धाकटा पहाटे रिकामी ट्रॉली घेऊन आला. डोळ्यांवर झोप होती. परड्यात ट्रॉली मागं घेताना फाळक्याची कड गाडीच्या दाराला टेकली, आणि दाराला दोन पोचे पडले. एक ताटलीएवढा, एक वाटीएवढा. रंग मात्र कुठं उडाला नाही.

थोरला उठून बघतो तोवर धाकटा पुन्हा फडावर गेला होता. थोरल्यानं दुपारपर्यंत राग धरला आणि शाळा सुटल्यावर थेट कारखान्याचा काटा गाठला. तिथं चार गावचे ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यासमोर तो भावाला बोलू नये ते बोलला. धाकट्यानं उत्तर दिलं नाही. वजनाची चिठ्ठी खिशात घातली आणि ट्रॅक्टर पुढं काढला. तेव्हापासून दोघांच्या परड्यात येण्याच्या वेळा बदलल्या. एक आला की दुसरा घरात जायचा.

गॅरेजवाला म्हणाला, लांबी भरून अख्खं दार रंगवावं लागेल. थोरल्याला खर्च जड वाटला. रविवारी त्यानं घरीच हात घातला. आधी दारावर उकळतं पाणी ओतलं. उकळत्या पाण्यानं प्लास्टिकचा बंपर नरम पडतो, पोलादाचा पत्रा पडत नाही. पण ऐकीव इलाज असे कोण तपासून बघतो? मग मोरीतला रबरी पंप लावून ओढलं. पत्रा थोडा वर आला, हात सोडताच मागं बसला. शेवटी त्यानं दाराचा आतला पॅड उचकटला, हातोडी घेतली आणि मोठ्या पोच्याच्या बरोबर मधोमध आतून दणके घातले. बाहेर येऊन बघितलं, तर खड्ड्याच्या मधे टेंगूळ आलं होतं आणि त्यावरचा रंग तडकला होता.

शेजारी एक म्हातारे तांबट राहत. उभा जन्म त्यांनी घागरी आणि हंडे ठोकले होते. आवाज ऐकून ते परड्यात आले.

"मास्तर, हातोडी ठेवा खाली," ते म्हणाले.

"आबा, खड्डा मधे आहे. मग मधेच नको का मारायला?"

आबांनी टेंगळावर अंगठा दाबला. पत्रा टक् करून आत गेला, सोडल्यावर टक् करून बाहेर आला. "ताणला ह्यो," ते म्हणाले. "तांबं असतं तर भट्टीत लाल करून पाण्यात बुडवलं असतं. मऊ पडतंय, पुन्हा ठोकता येतंय. रंगाच्या पत्र्याला आग दाखवता येत न्हाई. ह्याचं काय करायचं ते नंतर. दुसरा बघू."

ते दारासमोर उकिडवे बसले. कपडे वाळत घालायची दोरी निळ्या पत्र्यात सरळ रेघेसारखी दिसत होती. लहान पोच्यापाशी तेवढी ती वाकायची. आबांनी त्या वाकणावरून बोट फिरवत नेलं. "खड्डा समद्यांना दिसतोय. त्याच्या भोवतीनं बारीक वरंबा उठलेला असतोय, त्यो दिसत न्हाई. त्यो खड्ड्याला धरून ठेवतोय. आधी त्याला सैल करायचं."

त्यांनी विळ्याची लाकडी मूठ फडक्यात गुंडाळली. ती आतून कडेला लावून हळूच रेटली. बाहेरून वरंब्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला आणि लाकडी मोगरीनं टिचकी मारावी तसं मारलं. दोन बोटं पुढं सरकले, पुन्हा तेच. दर वेळी मान वाकडी करून दोरीकडं बघायचे. खड्डा कडेनं आत आत लहान होत गेला. मधोमध त्यांनी एकदाही हात लावला नाही. ऊन भिंतीवर चढलं, वहिनींनी दोनदा चहा आणला. शेवटी उरलेला ठिपका आतून अंगठ्यानं दाबला तेव्हा दोरी सरळ झाली.

"आणि हा मोठा?"

"ऱ्हाऊ द्या. आता जेवढा छेडाल तेवढा वाढंल."

आबा गेल्यावर वहिनी कपबश्या उचलताना एवढंच म्हणाल्या, "२०१९ च्या पुरात आपल्याला ह्याच ट्रॉलीत बसवून भावजींनी बाहेर काढलं होतं."

मधोमध ठोका घालायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण दुखणं तिथं दिसतं. थोरल्यानं त्या संध्याकाळी माफी मागायचं ठरवलं असतं, तर तोही एक दणकाच झाला असता. त्यानं तसं केलं नाही. तो परड्यात थांबला आणि धाकटा आल्यावर विचारलं, "खालच्या मळ्यात टोळी कधी येणार?"

"बघू," म्हणून धाकटा आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टनेजचं विचारलं. उत्तर तुटकच आलं, पण आलं. पुढं पाण्याच्या पाळीचं निघालं, पुतणीच्या शाळेचं निघालं. काट्यावरचं कुणीच काढलं नाही. ते पुसलं जाणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आठवड्याभरानं धाकटाच दारापाशी येऊन उभा राहिला. तडकलेल्या रंगावर नख फिरवून म्हणाला, "आण्णा, इथं गंज धरंल. रंगाचा हात तरी मारायला पाहिजे."

"मारू की."

"आणि फाळक्याची पट्टी वाकून बाहेर आली होती. मी आधीच कापायला पाहिजे होती."

"वेल्डिंगवाला रविवारी उघडा असतो का?"

"असतो. पण सकाळी लवकर जायला लागंल, नंतर ट्रॉल्यांची रांग लागती."

"मग सातला निघू," थोरला म्हणाला.