कंबरेचं माप

जोगेश्वरी पूर्वेला, केव्हज् रोडच्या एका गल्लीत एक शिंपी होता. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायची. दुकान इतकं अरुंद, की मास्तर मशीनवर बसला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. पण हात पक्का. माप दोनदा घेई, कात्री उचलली की तिसऱ्यांदा. वापरून वापरून टेप ताणला जातो आणि पाव इंच खोटं बोलायला लागतो, म्हणून भिंतीला लोखंडी पट्टी टांगलेली. टेपचा संशय आला की पट्टीला लावून बघायचा. नवं सुती कापड रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय कापायचं नाही, मग लग्नाची घाई असली तरी. "आज बरोबर बसेल, धुतल्यावर माझ्या नावाने बोंब मारशील," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे.

एका पावसाळ्यात मास्तरची स्वतःचीच पँट सैल झाली. त्याने कंबर आत घेतली. गणपतीत पुन्हा थोडी. नवरात्रात तिसऱ्यांदा, आणि दिवाळीच्या गर्दीत, रात्री दीड वाजता, चौथ्यांदा. संध्याकाळी कणकण यायची, खोकला हटत नव्हता. बायको म्हणायची, "अहो, एकदा दाखवून तरी या." तो म्हणायचा, कापडाची रुई छातीत बसते, सगळ्याच शिंप्यांना होतं. अख्ख्या गल्लीचं माप तीनदा घेणारा हा माणूस स्वतःच्या कंबरेला टेप लावत नव्हता. बोटाने चिमटा धरायचा आणि टाके घालायचा.

कारण शंका त्याला होती. का होती, हे विचारावंसं वाटेल. सगळ्यांना आधी तेच विचारावंसं वाटतं. ते त्याने पुढे बायकोला सांगितलं. आपल्याला सांगायची गरज नाही.

आणि भीती होती, ती जुन्या फॅशनची. तो गावाहून मुंबईत आला तेव्हा एड्स म्हणजे मरण असंच लोक बोलायचे, आणि औषध परवडत नव्हतं तोवर ते फारसं खोटंही नव्हतं. 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची एआरटी औषधं फुकट मिळू लागली. बॅगी पँट गेली, टाइट फिट आली, पुन्हा बॅगी आली. मास्तरची भीती मात्र त्याच कटची राहिली.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याला मशीनवरच चक्कर आली. शेजारच्या इस्त्रीवाल्याने रिक्षात घालून पालिकेच्या दवाखान्यात नेलं. थुंकीत टीबी निघाला. डॉक्टरांनी औषधं लिहिली आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायला सांगितली. मास्तरचा चेहरा उतरला. यांना आपल्या तोंडावर काही दिसलं की काय? "टीबीच्या प्रत्येक पेशंटला सांगतो," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "दोन्ही एकत्र असले तर दोन्हींवर औषध द्यावं लागतं."

आयसीटीसीच्या, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, खोलीत समुपदेशक ताई होती, त्याच्या मुलीच्या वयाची. तिने आधी संमतीचा कागद पुढे केला.

"सही नाही केली तर?"

"तर तपासणी नाही, काका. तुमच्या मर्जीशिवाय करता येत नाही. आणि निकाल बाहेर सांगताही येत नाही. तसा कायदाच आहे, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू."

"पण दुकान? कळलं तर कोण येईल माझ्याकडे?"

तेव्हा तिने त्याला एका मजुराची गोष्ट सांगितली. एका सरकारी महामंडळात हा माणूस रोजंदारीवर होता. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला कायम केलं नाही, कामावरूनही कमी केलं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. 1997 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की माणूस काम करायला धडधाकट असेल तर नुसत्या एचआयव्हीपायी त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही. "आणि त्या निकालपत्रात त्याचं नावच नाही," ताई म्हणाली. "नुसतं एमएक्स. आमच्याकडेही तुमचा नंबर असतो."

मास्तरला हे पटलं. त्याच्या बिलावरही नंबर असतो आणि कापडाचा एक तुकडा टाचलेला असतो. त्याने सही केली.

पहिली तपासणी रिअॅक्टिव्ह आली. ताईने सांगितलं, एवढ्यावरून काही ठरत नाही. अजून दोन, वेगळ्या पद्धतीच्या किटवर करायच्या. मास्तर पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "म्हणजे टेपचा संशय आला, की पट्टी."

तिन्हींनी एकच माप सांगितलं.

तो घरी गेला नाही. जोगेश्वरीच्या गुंफेत जाऊन बसला. दीड हजार वर्षांचा तो काळोख, देवीपुढचा दिवा, आणि डोक्यावरच्या वस्तीतून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज. तिसऱ्या की चौथ्या शिट्टीला त्याला भूक लागली. मरायला बसलेल्या माणसाला भूक लागावी याचं त्याला नवल वाटलं, आणि तो उठला.

बायकोला सांगायला दोन दिवस गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. रडलीही, भांडलीही, ते चाळीने ऐकलं नाही, कारण तिने टीव्ही मोठा केला होता. मग म्हणाली, "माझं कधी तपासायचं?"

तिची तपासणी निगेटिव्ह आली. ताईने तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. ती वैतागली. "नाही म्हणाले ना? मग परत कशाला?"

"अगं, लागण नवी असली तर रक्तात लगेच दिसत नाही," मास्तर म्हणाला. "कापड अजून पाण्यातून काढलेलं नाही."

तीन महिन्यांनीही ती निगेटिव्हच होती.

टीबीची औषधं आधी सुरू झाली, काही आठवड्यांनी एआरटी. टीबीचा कोर्स संपला. एआरटीची रात्रीची एक गोळी चालूच राहिली. पुढच्या पावसाळ्यात व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. विषाणू आता मोजता येण्याइतकाही नव्हता. असं टिकलं तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही, पण गोळी चुकवायची नाही, असं ताईने दोघांना समोर बसवून सांगितलं. त्या रात्री दोघं दुकानात असताना मास्तरने ती पँट बाहेर काढली. कंबरेला टाक्यांच्या चार ओळी, एकीवर एक. कापड त्याने कापलं नव्हतं, नुसतं आत दाबलं होतं.

ब्लेड हातात घेतलं, आणि थांबला. टेप बायकोकडे दिला.

"माप घे."

तिने टेप कंबरेभोवती घेतला, दिव्याकडे वळली. "बत्तीस."

"पुन्हा बघ."

तिने टेप दाताखाली धरला आणि भिंतीवरची लोखंडी पट्टी उतरवली.