हक्काचा रविवार

आयुष्य क्षणभंगुर आहे, तेव्हा आलेली संधी दवडू नये आणि आजचा दिवस उद्यावर टाकू नये, हा उपदेश बहुतेक सर्व संस्कृतींत आढळतो, आणि त्यामागे बहुधा असे गृहीत धरलेले असते की वेळ माणसाच्या हातात असतोच, केवळ निश्चय कमी पडतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला आयुष्याच्या अल्पतेवर जो निबंध लिहिला, त्यात आयुष्य मुळात तोकडे नसून माणसे ते उधळून टाकतात, असे प्रतिपादन आहे. हा निबंध आजही वाचकाला अंतर्मुख करतो. परंतु तो ज्या पॉलिनसला उद्देशून लिहिला गेला, तो रोमच्या धान्यपुरवठ्याचा कारभार पाहणारा उच्चाधिकारी होता, आणि सल्ला देणारा व घेणारा दोघेही अशा वर्गातले होते, ज्यांच्या घरची व शेतावरची कष्टाची कामे गुलाम करीत असत. पॉलिनसला पद सोडून चिंतनाकडे वळता आले असते; बंदरावर धान्याची पोती उतरवणाऱ्यांना मात्र तशी निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वर्तमानात जगण्याचा विचार करताना हा भेद टाळून पुढे जाता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे अतिशय ठसठशीत उदाहरण आहे, ते म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांनी मिळवलेली रविवारची सुट्टी.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली आणि पुढच्या तीस वर्षांत रत्नागिरी, सातारा अशा भागांतून हजारो माणसे या धंद्यात आली. कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात तो आपोआप लांबत असे. यंत्रे साफ करण्यासाठी गिरणी अधूनमधून बंद राही, पण त्या दिवशीही सफाईसाठी अनेकांना कामावर जावे लागे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त मुलांना. प्रौढ कामगारांच्या तासांवर वा दिवसांवर त्याने कोणतेही बंधन घातले नाही. शेतकऱ्याच्या जीवनात राबण्याचे महिने आणि सवडीचे महिने निसर्गानेच वाटून दिलेले असत, शिवाय सण, जत्रा व वार यांचे पंचांग होते. गिरणीच्या भोंग्याने हे पंचांग पुसून टाकले.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य समजून घ्यावे लागते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे, म्हणजे जातिभेद व भिक्षुकशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीचे, ते कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्या बहुतांशी वेळेच्या मागण्या आहेत हे जाणवते: दर रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार वेळेवर मिळावा आणि अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी, असेही त्यात होते. पोटापुरती मजुरी मिळवण्यासाठी झगडणाऱ्या माणसांनी आपल्या पहिल्या संघटित निवेदनात मोकळा दिवस अग्रभागी ठेवावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भाकरी आधी आणि फुरसत मागाहून, असा क्रम सुखवस्तू विचारवंत गृहीत धरतात. कामगारांनी तो मानला नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या सुधारित कायद्याने तिला आधार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो कामगारांच्या श्रद्धेशीही जुळणारा होता. परंतु त्या दिवसाचे खरे सामर्थ्य तो सर्वांचा एकाच वेळी मोकळा दिवस असण्यात होते. एकट्यादुकट्याला मिळालेल्या रजेत झोप पुरी होते, घरचे काम उरकते. नाटकाची तालीम, भजनाची बैठक, सभा, वाचनालय यांसाठी मात्र दुसराही मोकळा असावा लागतो. गिरणगाव, म्हणजे लालबाग, परळ, डिलाईल रोड या परिसरातील कामगारवस्ती, पुढे आपल्या कलांसाठी ओळखली गेली ती याच सामायिक वेळेच्या बळावर. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या आणि खाणावळीत जेवणाऱ्या माणसांनी भजनी मंडळे चालवली, तालमी काढल्या, कोकणातून आणलेल्या शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांनी एकमेकांना गाण्यातून सवाल-जवाब करण्याच्या, बाऱ्या रात्ररात्र रंगवल्या आणि कामगार रंगभूमी उभी केली. गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांची शाहिरी याच वातावरणात फुलली. आनंद हा विश्रांतीचा शेष असतो, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही. तो आनंद कष्टाने, सरावाने आणि परस्परांच्या सोबतीने घडवलेला होता.

याच गिरणगावात दुसरीही एक प्रवृत्ती होती आणि तिची किंमत फार मोठी ठरली. अनेकांनी स्वतःचे जगणे निवृत्तीवर टाकले होते: ग्रॅच्युइटी मिळाली की गावी घर बांधायचे, मग बायको-मुलांसोबत राहायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कित्येक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्या नाहीत आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. पुढे ढकललेले ते आयुष्य अनेकांच्या वाट्याला आलेच नाही. त्यासाठी त्या माणसांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कुटुंब आणणे त्यांना परवडत नव्हते. उपदेशाची मर्यादा इथे उघड होते. आज जगा, असे ज्याला सांगायचे त्याच्याकडे आज राहायला जागा, सोबत आणि सवड आहे का, हे आधी पाहावे लागते.

लोखंडे यांनी मिळवलेला रविवार घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कधीच पुरता पोहोचला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया सुमारे एक पंचमांश होत्या, आणि त्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे धुणे, दळण, पाहुणे. हे चित्र जुने झालेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, म्हणजे चोवीस तासांचा हिशेब घेणाऱ्या पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ज्या घरात रविवारी एकाला निवांतपणा लाभतो, तिथे तो बहुधा दुसरीच्या वेळेतून काढलेला असतो, आणि छंद जोपासण्याच्या सल्ल्याने हा हिशेब बदलत नाही. तो घरातल्या कामाची वाटणी बदलल्यानेच बदलेल.

साप्ताहिक सुट्टीचे बंधन जिथे लागू होत नाही, असे कामही पुन्हा वाढत आहे. मोबाइलवरील अॅपच्या साहाय्याने घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्या किंवा वाहन चालवणाऱ्या कामगाराला आपण हवे तेव्हा काम करण्यास मोकळे आहोत असे सांगितले जाते, पण सुट्टीच्या दिवशी मागणी वाढते आणि जादा मोबदलाही बहुधा तेव्हाच मिळतो, त्यामुळे इतरांचा रविवार हाच त्याचा सर्वांत दगदगीचा दिवस ठरतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा ‘गिग’ कामगाराची व्याख्या कायद्यात आणली आणि त्याच्यासाठी कल्याणकारी योजनांची तरतूद केली, हे स्वागतार्हच आहे. तथापि त्याच्या कामाच्या तासांना मर्यादा किंवा आठवड्यातून एक भरपगारी मोकळा दिवस त्या संहितेने दिलेला नाही. १८८४ च्या निवेदनातील पहिली मागणी त्याच्यासाठी अजून मांडायचीच राहिली आहे.