पाऊस दिसला, पाणी दिसलं नाही

तासगाव

चि. ताईस,


मतदार यादीत पहिल्यांदा नाव लागलं, म्हणून राजकारण कळावं यासाठी रोज टीव्हीवरची रात्रीची चर्चा बघतेस. तासाभराने डोकं भणभणतं, हाती काही लागत नाही, आणि आपलीच समज कमी पडते असं वाटतं, असं तू लिहिलंस. तसं नाही, पोरी. तो कार्यक्रम तुला काही समजावं म्हणून आखलेला नसतो. तू दुसरं चॅनेल लावू नयेस, म्हणून आखलेला असतो.

तू साताऱ्यात राहतेस, तेव्हा तिथलंच बघ. १८ ऑक्टोबर २०१९, लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा प्रचार. उदयनराजे भोसले राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले होते, आदल्याच दिवशी पंतप्रधान साताऱ्यात सभा घेऊन गेले होते. संध्याकाळी शरद पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस कोसळला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस भिजत बोलत राहिला. ते दृश्य रात्रीतून घराघरांत पोचलं. पवारांचे उमेदवार श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले आणि पावसाने निवडणूक फिरवली, असं सगळे म्हणू लागले. ते दृश्य बघून मलाही भरून आलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण श्रीनिवास पाटील कराडमधून आधी दोनदा खासदार झालेले, सनदी अधिकारी आणि सिक्कीमचे राज्यपाल राहिलेले. शिवाय काही महिन्यांपूर्वीच निवडून दिलेला खासदार पक्ष बदलून पुन्हा मत मागायला आलेला. याचा हिशोब लोकांनी मनात केलाच असणार. तो पडद्यावर दाखवता येत नाही, पाऊस दाखवता येतो. २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजेंना पुन्हा निवडून दिलं. पावसाचीच गोष्ट धरून बसलीस तर याचा अर्थ तुला लागणार नाही.

दुसरं उदाहरण आबांचं. आपल्या तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तुला नीट आठवणार नाहीत. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं, पुढे गृहमंत्री म्हणून तंटामुक्तीची योजना. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत असं एखादं घडतं, अशा अर्थाचं हिंदी वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली असताना ते बोलायला नको होतं. राजीनामा द्यावा लागला, तो योग्यच होता. पण ते वाक्य इतक्या वेळा ऐकवलं गेलं, की आबा पायउतार झाले आणि जणू जबाबदारीचा प्रश्नच मिटला. पोलिसांनी हल्ला कसा हाताळला याची चौकशी करायला राम प्रधान समिती नेमली होती. तिच्या अहवालात काय आहे, हे आज कुणालाही विचारून बघ. वाक्य मात्र पाठ असेल.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते जतचं. म्हैसाळजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी मिरज, कवठेमहांकाळ करत जत तालुक्यात शिरलं, पण पूर्वेकडची गावं कोरडीच राहिली. टँकर, चारा छावण्या, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं. त्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. पाणी देत नसाल तर कर्नाटकात जातो, असे ठरावसुद्धा काही गावांनी फार आधी केले होते. मुंबईच्या एकाही स्टुडिओला त्यावर रात्र खर्चावीशी वाटली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई जतची चाळीस गावं कर्नाटकात घेण्याबद्दल बोलले आणि थेट प्रक्षेपणाच्या गाड्या धुरळा उडवत जतमध्ये शिरल्या. माणसं माइकसमोर पाणी मागत होती, स्टुडिओत बसलेले सीमावादावर भांडत होते. सरकार मात्र हललं. सुमारे दोन हजार कोटींच्या विस्तारित म्हैसाळ योजनेला गती मिळाली. कॅमेरे आले नसते तर तेही लांबलं असतं, हे मी मान्य करतो. पण यातून त्या गावांनी काय शिकायचं? शांतपणे पाणी मागितलं तर कुणी ऐकत नाही, राज्य सोडतो म्हटलं की ऐकतात. टीव्ही नुसतं राजकारण दाखवत नाही. मागणी कशी करायची, हेही तो लोकांना शिकवत असतो, आणि हा धडा मला फार घातक वाटतो.

यात सगळाच दोष वार्ताहराचा नाही. तालुक्यातल्या पोराला बातमीमागे मोजके पैसे मिळतात, गाडी त्याची स्वतःची. सांगलीहून जतच्या पूर्वेची उमदी शंभर किलोमीटरच्या पुढे. तिथे जाऊन दुष्काळ समजून घेण्यापेक्षा चार पाहुणे बसवून भांडण लावणं चॅनेलला कितीतरी स्वस्त पडतं.

वादाला मी भीत नाही. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर ही माणसं त्यामागे होती. दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी मांडी घालून दिवसभर ऐकत, उठून उलट विचारत. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलंय, ते २००० सालाच्या आत अडवायचंय, आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातलं किती, जमीन नसलेल्यालाही हिस्सा का मिळावा. अंगठा लावणाऱ्या माणसालाही टीएमसीचा हिशोब तोंडपाठ असे. तिथे आवाज चढत, पण एखाद्याने आकडा चुकीचा सांगितला तर दुसरा तिथेच दुरुस्त करी. आणि विषय दुसऱ्या दिवशी बदलत नसे. वर्षानुवर्षं तोच चाले, म्हणून तर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पुढे सरकलं. सार्वजनिक चर्चा म्हणतात ती मी तिथे पाहिली.

टीव्ही बंद कर, असं मी सांगणार नाही. रात्री जो विषय गाजला, तो महिन्याभराने कुठे आहे ते मात्र शोधत जा. वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान वाच, कारण कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे तिथेच कोपऱ्यात छापलेलं असतं. उमेदवार दारात आला तर त्याला रात्रीच्या भांडणातलं विचारू नकोस. आवर्तनाचं विचार, शाळेतल्या रिकाम्या जागांचं विचार, आणि तो कुठल्या उत्तराला अडखळतो ते बघ.

परीक्षा झाली की चार दिवस काढून ये. एसटीने जतला जाऊ, तिथून तिकोंडी आणि उमदी. विस्तारित योजनेचं काम कुठवर आलंय ते डोळ्यांनी बघू आणि तिथल्या बायकांशी बोलू. टँकर कधी येतो, कधी चुकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. येताना वही आण.

तुझे आजोबा