पुरावा नाही, म्हणून धोका नाही?

'दोष आढळला नाही' आणि 'दोष नाही' ही दोन विधाने कानाला सारखी वाटली, तरी त्यांच्या अर्थांत मोठे अंतर आहे. पहिले विधान शोधणाऱ्याविषयी सांगते, दुसरे वस्तूविषयी. हे अंतर पुसले गेले की विज्ञानाची हानी होतेच, नीतीचीही होते. अमेरिकेत सरकारने शेल वायूविषयी केलेले संशोधन या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

शेल नावाच्या घट्ट खडकात नैसर्गिक वायू अडकलेला असतो. तो मोकळा करण्यासाठी जमिनीत खोलवर विंधन विहीर खणतात, तिला आडवे वळण देतात आणि पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला तडे पाडतात. ही पद्धत म्हणजेच फ्रॅकिंग. २०११ ते २०१३ या काळातील नोंदींनुसार अशा एका विहिरीस साधारणतः ५७ लाख लिटर पाणी लागे.

याचा पिण्याच्या पाण्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेथील संसदेच्या सूचनेवरून २०१० साली हाती घेतला. जून २०१५ च्या मसुद्यात तिने म्हटले की, व्यापक व सार्वत्रिक दुष्परिणामांचा पुरावा आढळला नाही. पाणी दूषित झाल्याच्या काही घटनाही त्याच मसुद्यात नोंदलेल्या होत्या. परंतु गाजले ते पहिले वाक्य. संस्थेच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ साली या वाक्याला पुरेसा आधार नसल्याचे दाखवून दिले. डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वगळण्यात आले. काही परिस्थितींत पाण्याची हानी होऊ शकते, मात्र देशभरात ती किती होते हे सांगण्याइतकी माहिती उपलब्ध नाही, असा निष्कर्ष त्यात आहे.

माहिती का नव्हती? अनेक ठिकाणी विहीर खणण्यापूर्वी पाणी तपासलेच गेले नव्हते. काही रसायनांची नावे व्यापारी गुपित म्हणून झाकलेली राहिली. नव्या विहिरींजवळ आधी व नंतर पाणी तपासण्याचे योजलेले प्रयोग झालेच नाहीत. म्हणजे हे अज्ञान केवळ निसर्गाच्या गूढतेतून आलेले नव्हते. त्यातील काही माणसांनी राखलेले होते. न जाणण्याचा दोष नेहमीच आपल्याकडे येत नाही. परंतु जाणून घेणे शक्य असताना ते टाळणे आणि मग त्याच अज्ञानाची ढाल करणे, याला निरागसता म्हणता येणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पूर्ण खात्रीची वाट पाहिली तर कोणतेच काम उभे राहणार नाही. हा वायू जळताना कोळशापेक्षा कमी धूर व कमी कार्बन सोडतो, रोजगारही देतो. शस्त्रक्रियेतही धोका असतोच, तरी आपण ती करून घेतो. हे खरे, पण तेथे धोका ज्याचा, संमती त्याची आणि लाभही त्याचाच. येथे लाभ दूरच्या भागधारकाला व ग्राहकाला, आणि धोका मात्र विहिरीशेजारी घागर भरणाऱ्याला. अशा वेळी सुरक्षितता सिद्ध करण्याचे ओझे लाभ घेणाऱ्यानेच उचलले पाहिजे. गढूळ पाण्याचा पेला हाती घेऊन दारोदार फिरणाऱ्यावर ते टाकणे अन्याय्य होय.

डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे प्रभारी आरोग्य आयुक्त हॉवर्ड झकर यांच्यासमोरही पुरावा अपुराच होता. आपले मूल अशा विहिरीजवळच्या शाळेच्या मैदानावर खेळू देऊ का, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे स्वतःलाच विचारला आणि नकारार्थी उत्तर दिले. राज्याने बंदी जाहीर केली. २०२० साली तिला कायद्याचे रूप मिळाले.

त्यांचा निर्णय कोणास अतिसावध वाटेल. तथापि त्यांची कसोटी कोणत्याही अधिकारपदाला लागू पडते. दुसऱ्याच्या अंगणात जो धोका आपण 'किरकोळ' ठरवतो, तो आपल्या अंगणात आला तर त्याला तोच शब्द वापरू का? याचे प्रामाणिक उत्तर देण्यास अहवालाची वाट पाहावी लागत नाही.