मौन म्हणजे अभाव नव्हे



“फादर, प्रार्थनेला बसतो, पण पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. मग चर्चला यायचं कशाला?” पत्नीच्या निधनानंतर मिस्सा बंद केलेल्या एका बांधवाने आम्हांला विचारले. आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. असे कोरडे दिवस आम्हां धर्मगुरूंच्या वाट्यालाही येतात.

त्या प्रश्नाने आम्हांला पल्सार ताऱ्यांची आठवण झाली. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला त्यांचा शोध लागला. स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्या या ताऱ्यांचा रेडिओ झोत दीपगृहाच्या झोतासारखा दर फेरीला पृथ्वीवरून जातो आणि दुर्बिणीला ठोका मिळतो. काही पल्सारचे ठोके मात्र मध्येच थांबतात, हे १९७० साली डोनाल्ड बॅकर यांनी दाखवले. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीनेही अशा मौनाचा अभ्यास केला आहे.

एक पल्सार तर ५ ते १० दिवस ठोके देतो आणि मग २५ ते ३५ दिवस गप्प राहतो. तो विझतो का? नाही. मौनातही तो फिरतच असतो, एवढेच की त्याची गती तेव्हा कमी प्रमाणात मंदावते, असे २००६ साली दिसून आले. ताऱ्याभोवतीच्या विद्युतभारित कणांचा प्रवाह ठोके निर्माण करतो आणि ताऱ्याची गतीही रोखतो. तो प्रवाह आटला की ठोके थांबतात आणि गतीवरचा रोधही कमी होतो. तो का आटतो, याचा शोध अजून चालू आहे.

तारा म्हणजे देव नव्हे; उपमा ताणू नये. पण ‘ऐकू येत नाही, म्हणून नाहीच’ हा निष्कर्ष तर्काला धरून नाही, एवढे तारा शिकवतो. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी कित्येक वर्षे सोसलेला अंतरीचा अंधार जगाला कळला. त्या अंधारातही त्यांनी प्रार्थना सोडली नाही, गरिबांचा हात सोडला नाही. क्रुसावर स्वतः प्रभूनेही पित्याचे मौन अनुभवले.

ठोके परत आले, हे कुणाला कळले? ज्यांनी दुर्बीण दुसरीकडे वळवली नाही, त्यांना. म्हणून शब्द सुचत नसतील, तर नुसते येऊन बसा. आणि शेजारची जागा बरेच रविवार रिकामी दिसली, तर या आठवड्यात त्या घरी जाऊन या. उपदेश नको, सोबत पुरे.

हे प्रभो, तुझ्या मौनातही तुझ्यापाशी थांबण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.

आपले,
धर्मगुरू